विक्रांतवरचा मिस्त्री

 

मी मांजरीचा. पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठावर आमचे गाव आहे. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले, तेव्हा कागदोपत्री आम्ही शहरवासी झालो. पण ऊस, कांदा, पालेभाजी आणि द्राक्षाची बाग ही आमची जुनी ओळख. समुद्राशी आमचा संबंध काय म्हणाल, तर काही नाही. मोठे पाणी म्हणजे श्रावण-भाद्रपदात फुगलेली नदी. असे असून आज मी तुम्हाला बंगालच्या उपसागरात नेणार आहे, आणि तिथल्या एका मिस्त्रीची ओळख करून देणार आहे.

या मिस्त्रीला मी नाव देत नाही. समजा, तो आपल्याच भागातला कुणी पोरगा आहे. मांजरीचा म्हणा, लोणीचा म्हणा, थेऊरचा म्हणा. लहानपणी विहिरीवरचे ऑइल इंजिन उघडून पाहणारा, वडिलांचा मार खाणारा, मॅट्रिक झाल्यावर नौदलात भरती झालेला. पुढे मी 'आपला गडी' म्हणेन तेव्हा हा समजायचा. गडी कल्पनेतला आहे. पण त्याचे जहाज, त्याची विमाने आणि त्याची लढाई खरी आहे.

१९७१ चा डिसेंबर महिना. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले केले, आणि मध्यरात्र उलटल्यावर पंतप्रधान इंदिरा गांधी रेडिओवरून देशाशी बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गावात ब्लॅकआऊट. नदीपलीकडे लोहगावचा विमानतळ, म्हणून आमच्याकडे धास्ती जरा जास्तच. कंदिलाच्या काचेला काळा कागद, खिडकीला घोंगडी. आणि ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर निम्मे गाव. बातम्यांमध्ये सेनापतींची नावे येत, वैमानिकांचे पराक्रम येत. 'विक्रांत' हे नाव मी तिथेच पहिल्यांदा ऐकले. पण विमान उडते कसे, परत आले की त्याचे काय करतात, हे कुणी सांगत नव्हते. आम्ही पोरे एकमेकांना विचारायचो, "अरे, समुद्रात विमान बिघडलं तर गॅरेज कुठं?"

त्या प्रश्नाचे उत्तर आज देतो. उशीर झाला आहे, पण प्रश्न चांगला होता.

विक्रांत ही विमानवाहू नौका. म्हणजे असे जहाज, की ज्याची सगळी गच्ची हीच धावपट्टी. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात घाईघाईने ज्या हलक्या विमानवाहू नौका बांधायला घेतल्या, त्यातली ही एक. त्यांना टाइन नदीवरच्या कारखान्यात १९४३ साली तिचा सांगाडा घातला, १९४५ च्या सप्टेंबरात ती पाण्यात सोडली, तेव्हा तिचे नाव होते 'हर्क्युलिस'. तोवर लढाई संपली होती. अर्धवट बांधलेले जहाज तसेच पडून राहिले. १९५७ साली ते आपल्या सरकारने विकत घेतले, बेलफास्टच्या गोदीत ते पुरे करून घेतले, आणि ४ मार्च १९६१ रोजी ते 'विक्रांत' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ते मुंबईला पोचले.

हलकी नौका म्हणजे काय, हे शिक्षकांनी मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. लढाईत वेळ नाही, पैसा नाही, पोलाद नाही. तेव्हा जाड चिलखत नको, व्यापारी आगबोटीच्या पद्धतीने अंग बांधा, झटपट तयार करा, लढाई संपेपर्यंत टिकली म्हणजे झाले, असा तो हिशेब. तीन वर्षे चालेल अशा बेताने आखलेली ही जहाजे. आपण ती छत्तीस वर्षे चालवली! जुनी बैलगाडी आस बदलून, आरे बदलून, धाव चढवून तीन पिढ्या वापरणारी माणसे आपण. त्यातलाच हा प्रकार.

गच्चीची लांबी सुमारे सातशे फूट, म्हणजे २१३ मीटर. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे, हे लक्षात घ्या. तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जागेत जेट विमान उडवायचे आणि उतरवायचे. तीही जागा एका ठिकाणी स्थिर नाही. पुढे चालते, वर जाते, खाली येते.

उडवायची युक्ती म्हणजे गोफण. तुम्ही माळ्यावर उभे राहून पाखरांवर गोफण फिरवता ना? इथे गोफण वाफेची. गच्चीखाली लांब नळ्या, त्यांत वाफेच्या दाबाने धावणारा दट्ट्या, आणि त्याचा आकडा गच्चीच्या फटीतून वर आलेला. विमानाला जाड तारेचा फास घालून तो या आकड्याला अडकवायचा. मागून विमान धरून ठेवणारी एक कडी. ती मुद्दाम अशी केलेली, की ठराविक ओढ बसली की तुटावीच. इंजिन पुऱ्या जोरात, वाफ सुटली, कडी तुटली, आणि पापणी लवते न लवते तोच विमान हवेत. उतरताना उलट. विमानाच्या शेपटीखाली एक लांब हुक असतो. गच्चीवर आडव्या पोलादी तारा ताणून ठेवलेल्या. हुक तारेत अडकला की विमान दावणीला बांधल्यासारखे थांबते. नाही अडकला, तर वैमानिकाने पुन्हा जोर देऊन उडायचे आणि फेरी मारून परत यायचे. त्यासाठीच उतरण्याची पट्टी जहाजाच्या रेषेला जरा तिरकी आखलेली असते, म्हणजे पुढे उभ्या केलेल्या विमानांवर ते जाऊन आदळत नाही.

आता गॅरेज. गच्चीच्या खाली एक भले मोठे दालन असते, त्याला हँगर म्हणतात. गच्चीतून तिथे जायला दोन लिफ्ट. लिफ्ट म्हणजे गच्चीचाच एक चौकोनी तुकडा, विमानासकट खाली उतरणारा. सी हॉक विमानाचे पंख कोपरात वाकवल्यासारखे वर दुमडतात. कोंबड्यांच्या खुराड्यात पाखरे बसावीत तशी ही विमाने एकमेकांना खेटून उभी. त्यांच्या पोटाखाली, पंखांखाली, नाकापुढे आपला गडी आणि त्याचे सोबती. त्यांचे दिवसरात्रीचे विश्व ते एवढेच. वर लढाई चालू असली तरी त्याला दिसते ती समोरची खिळ्यांची रांग.

१९७१ मध्ये विक्रांतवर मुख्यतः दोन जातींची विमाने होती. एक सी हॉक. एकाच माणसाचे जेट विमान, नाकात चार वीस मिलिमीटरच्या तोफा, पंखांखाली बॉम्ब किंवा रॉकेट. त्याचे रोल्स रॉईस नीन इंजिन अंगाच्या मध्यभागी बसवलेले. गंमत अशी, की इंजिनातला तापलेला वायू शेपटीतून बाहेर पडत नाही. नळी दुभंगून पंखांच्या मागे दोन्ही बाजूंनी बाहेर येते. त्यामुळे मागच्या अंगात तेलाची टाकी बसवायला जागा मिळाली. दुसरे विमान फ्रेंच बनावटीचे, अलिझे. पंख्याचे, तीन माणसांचे, पोटाखाली रडार. पाणबुड्या हुडकणे हे त्याचे मूळ काम. शिवाय अलूएत हेलिकॉप्टर होते. विमान उडताना आणि उतरताना ते बाजूला घोंघावत राही, कारण कुणी पाण्यात पडलेच तर उचलायला कुणीतरी हवे.

आपला गडी शिकला कोचीला. नौदलाचे विमानविद्येचे शिक्षण तिथे चाले. पुढे दाबोळीला, गोव्यात. 'हंसा' हा नौदलाचा विमानतळ १९६४ पासून तिथे आहे, आणि विक्रांतची विमाने जहाजावर नसत तेव्हा तिथे असत. कुणी इंजिनाचे काम शिके, कुणी विमानाच्या अंगाचे, कुणी विजेचे, कुणी तोफा आणि बॉम्बचे. आपल्या गावात एकच मिस्त्री इंजिन, मोटार, हात-पंप, सगळे पाहतो. तिथे तसे चालत नाही. ज्याचे काम त्यानेच करायचे, आणि ते दुसऱ्याने तपासायचे.

मोठे काम हत्यारांचे नाहीच. मोठे काम नजरेचे. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी घालायची, तीही ठरलेल्या क्रमाने. चाकांचे टायर कुठे कापले गेले आहेत का? नळ्यांच्या सांध्यांतून तेल पाझरते का? हुक नीट खाली येतो आणि वर जातो का? पंख उघडल्यावर खिट्टी पुरी बसली का? इंजिनाच्या हवेच्या तोंडात हात घालून, बॅटरी लावून पाहायचे. बसायच्या खुर्चीखाली स्फोटकाची नळी असते, संकटात वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणारी. तिच्या सुरक्षेच्या पिना उड्डाणापूर्वी काढायच्या, आणि काढलेल्या पिना वैमानिकाला दाखवायच्या. दाखवायच्या म्हणजे खरेच हात वर करून दाखवायच्या. 'काढल्या साहेब' असे नुसते तोंडी चालत नाही.

त्यातून समुद्राची हवा! आमच्या भागात मचूळ पाण्याच्या विहिरीवर पंप बसवला, की दोन वर्षांत त्याची काय दशा होते ते तुम्ही पाहिले असेल. विमानाचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचे. खारट दमटपणाने त्यावर पांढरी पूड धरते, पत्रा आतून पोखरतो, आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून विमान गोड्या पाण्याने धुवायचे, पुसायचे, सांध्यांना ग्रीस भरायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जहाजावर गोडे पाणी म्हणजे समुद्राचेच पाणी उकळून, वाफ थंड करून मिळवलेले. माणसाच्या आंघोळीला हात आखडायचा आणि विमानाला न्हाऊ घालायचे. आपणही दुष्काळात आधी जनावराला पाणी दाखवतो, त्याची इथे आठवण होते.

आता ती वही. प्रत्येक विमानाची एक वही असते. काय तपासले, काय बदलले, काय उरले, हे सगळे तिच्यात लिहायचे, आणि खाली ज्याने काम केले त्याने सही करायची. इंजिनवाल्याची सही, विजेवाल्याची सही, तोफावाल्याची सही. मग वैमानिक येतो, वही वाचतो, आणि शेवटी आपली सही करतो. त्या सहीचा अर्थ असा, की या माणसांवर भरवसा ठेवून मी आत बसतो. वैमानिक काही उघडून पाहत नाही. त्याला तेवढा वेळही नसतो.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. कमीपणाची आहे, पण सांगतो. मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना आमच्या विहिरीवरचे ऑइल इंजिन साफ केले. मोठ्या हौसेने केले. फडक्याने पुसले, झाकण लावले, आणि फडके राहिले हवेच्या नळीच्या तोंडाशी. रात्री उसाला पाणी द्यायला वडील गेले. इंजिन थोडे चालले, काळा धूर ओकले आणि गप्प. अंधारात कुणाला काही सापडेना. सकाळी मिस्त्री आला, त्याने दोन बोटांनी ते फडके बाहेर ओढले आणि माझ्याकडे न पाहता वडिलांच्या हातात दिले. वडील काही बोलले नाहीत. मला वाटते, त्यांनी मारले असते तर बरे झाले असते.

आमचे नुकसान काय झाले? एका रात्रीचे पाणी हुकले. असेच फडके सी हॉकच्या हवेच्या तोंडात राहिले असते, तर? गोफणीतून सुटलेल्या विमानाचे इंजिन त्याच क्षणी गुदमरणार. पुढे धावपट्टी नाही, शेत नाही. पाणी, आणि मागून येणारे वीस हजार टनांचे जहाज. म्हणून तिथे हत्यारे मोजून देतात आणि मोजून परत घेतात. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. आणि उड्डाणे सुरू होण्यापूर्वी गच्चीवर माणसांची ओळ करून, खाली पाहत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. खिळा, वॉशर, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचे. भुईमूग काढून झाल्यावर बाया सरवा वेचतात ना, अगदी तसे. फरक एवढाच, की इथे काही न सापडण्यात आनंद.

आता लढाईकडे वळू. १९६५ च्या लढाईत विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती. तिला समुद्रात जाताच आले नाही. पाकिस्तानने तर ती बुडवल्याची बातमी उठवली होती. जहाजावरच्या लोकांना ते किती लागले असेल, ते सांगायला नको. एवढा खर्च करून पांढरा हत्ती पोसला, असे बोलणारेही होतेच. आणि १९७१ मध्ये पुन्हा लढाईचे ढग जमू लागले, तेव्हा निघाले काय, तर बॉयलरला तडे!

जहाजाला चार बॉयलर होते. एकात तडे सापडल्याने तो वापरणे धोक्याचे होते. राहिले तीन. आता गोम पाहा. जहाज चालते वाफेवर, आणि ती विमाने फेकणारी गोफणही चालते त्याच वाफेवर. वाफ कमी म्हणजे दोन्हीकडे ओढाताण. पुऱ्या जोरात ताशी सुमारे ४५ किलोमीटर जाणारे जहाज, त्याचा वेग बराच खाली उतरला. त्याने काय बिघडते? वारा बिघडतो.

खळ्यावर उपणणीला उभे राहिलेल्या माणसाला वाऱ्याची किंमत विचारा. विमानाला पंखांवरून पुरेसा वारा वाहिल्याशिवाय उचलता येत नाही. म्हणून विमाने उडवताना जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवतात आणि जोरात पळवतात. आलेला वारा अधिक जहाजाचा वेग, एवढा वारा गच्चीवर मिळतो. आणि डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वारा पडलेला. समुद्र तळ्यासारखा. जहाज संथ आणि वाराही संथ, तर विमानाला एकतर तेल कमी घ्यावे लागणार, नाहीतर बॉम्ब कमी. अशा वेळी इंजिनाचा जोर कागदावर लिहिलाय तेवढा पुरता मिळायलाच हवा. अर्धा आणा कमी मिळाला तरी चालणार नाही. हे ओझे येऊन पडले कुणावर? आपल्या गड्यावर.

मुंबईच्या गोदीत पडून राहावे, लढाईत जाऊ नये, असा सल्लाही होता. पण नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा आणि विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश यांनी तीन बॉयलरवर जायचे ठरवले. बॉयलरपाशी उभे राहणारी माणसे वेगळ्या शाळेची. त्यातली पुष्कळ आपल्या लोणावळ्याच्या 'शिवाजी' केंद्रात शिकलेली. त्यांनी तो धोका रोज उशाशी घेतला. त्यांच्यावर एक स्वतंत्र भाषण व्हायला हवे.

जहाज पूर्व किनाऱ्यावर मद्रासला गेले. मुंबईहून मद्रासला जाणारी आगगाडी आमच्या मांजरीवरूनच जाते, दौंड, सोलापूरमार्गे. मेल आमच्या स्टेशनावर थांबत नसे. नौदलाची किती पोरे त्या गाडीतून आमच्या उसाच्या फडांकडे पाहत गेली असतील, कोण जाणे. पुढे नोव्हेंबरात विक्रांत मद्रासहूनही गुपचूप निघाली आणि अंदमानच्या एका आडबाजूच्या खाडीत जाऊन थांबली. तिला शोधायला पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी बंगालच्या उपसागरात आली होती. विक्रांत विशाखापट्टणमला आहे असा भास आपल्या नौदलाने निर्माण केला, गाझी तिकडे गेली, आणि ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. तिच्यावरचे कुणीही वाचले नाही. तीही कुणाची तरी पोरे होती.

४ डिसेंबरच्या सकाळी विक्रांतवरून आठ सी हॉक उडाली, कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला करायला. तुकडीचे प्रमुख होते लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता. आपल्या गड्याने तास-दीड तास काय केले असेल? आकाशाकडे पाहिले असेल, असे आपल्याला वाटते. पण हँगरमधल्या माणसाला आकाश दिसत नाही. तो पुढच्या फेरीची तयारी करत असणार. तोफांच्या गोळ्यांचे पट्टे मांडत असणार, तेलाचे पाइप ओढत असणार. आणि मनातल्या मनात आकडा धरून असणार: आठ गेली.

परत येणारे विमान हुकाने तारेत अडकले, की पळत जायचे. हुक सोडवायचा, पंख दुमडायचे, विमान पुढे सरकवायचे, कारण मागचे विमान लगेच उतरणार. जेटच्या मागे गेलात तर गरम झोताने उडून जाल; पुढे गेलात तर हवेच्या तोंडाकडे खेचले जाल. हाताने, खुणेने बोलायचे, कारण कानात काही शिरत नाही. मग तेल भरा, तोफा भरा, बॉम्ब चढवा. काही विमाने विमानवेधी तोफांच्या गोळ्यांनी अंगाला भोके पाडून घेऊन आलेली. भोक दिसते ते वरचे. आतली तार तुटली आहे का, नळी चिरली आहे का, हे पाहायचे. मग पत्रा कापून, रिवेट मारून ठिगळ. त्याच दिवशी विमाने पुन्हा निघाली, चितगावच्या बंदरावर आणि विमानतळावर. पुढचे दिवस हेच. चितगाव, खुलना, मंगला. बंदरे, बोटी, धावपट्ट्या. पूर्वेकडच्या पाकिस्तानी फौजेला समुद्रमार्गे मदत मिळू नये, आणि समुद्रमार्गे निसटताही येऊ नये, एवढ्यासाठी.

रात्री अलिझेची पाळी. या विमानाचा पंखा पुढे असतो, चार पात्यांचा. दिवसा फिरता पंखा निदान चकाकताना दिसतो. रात्री गच्चीवर दिवे नाहीत, शत्रूला दिसू नये म्हणून. त्या काळोखात, जहाज डोलत असताना, न दिसणाऱ्या पात्यांपासून चार हात दूर राहून चाकाचे ठोकळे काढायचे. दिवसभर राबलेल्या, झोप न झालेल्या माणसाने. लढाईतले शौर्य म्हणजे बंदूक घेऊन धावणे, असे आपण मुलांना शिकवतो. ठोकळा काढणाऱ्या माणसाचे चित्र कुठल्या पाठ्यपुस्तकात मी पाहिलेले नाही.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती दिली. स्वराज प्रकाश आणि गुप्ता, दोघांना महावीर चक्र मिळाले, आणि ते योग्यच होते. आमच्या ओसरीवर पेढे वाटले गेले. कंदिलाचा काळा कागद आईने पाण्याने भिजवून खरवडून काढला, तरी त्याचे डाग पुष्कळ दिवस राहिले होते.

आपल्या गड्याच्या कमाईचा आकडा मात्र ऐका. विक्रांतवरून शत्रूवर गेलेल्या सी हॉकपैकी एकही विमान त्या लढाईत गमावले गेले नाही. ज्या इंजिनावर त्याची सही होती, ते इंजिन समुद्रावर बंद पडले नाही. रेडिओवर हे कुणी सांगितले नाही, कारण जे घडलेच नाही त्याची बातमी होत नसते.

पुढे सी हॉक निवृत्त झाली, १९८३ पासून सी हॅरिअर आली, आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांतही निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत तिचे संग्रहालय होते. तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिले असेल. अखेर २०१४ साली दारूखान्याला तिची मोडतोड सुरू झाली. त्यातले काही पोलाद आपल्या पुण्याच्या बजाज कंपनीने घेतले, वितळवले, आणि २०१६ साली काढलेल्या व्ही-१५ मोटारसायकलीत वापरले. ही गाडी गावोगाव पोचली. परवा आमच्या सोलापूर रस्त्यावरच्या गॅरेजात एक उभी होती, कार्बुरेटर उघडून. मिस्त्री पोरगा वीस वर्षांचा असेल. त्याला म्हटले, "बाबा, ही गाडी कशाची आहे ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "ठाऊक हाय काका, पन कचरा तर हिच्यात बी अडकतोच की." आणि फुंकर मारून त्याने जेट साफ केले. दिव्याकडे धरून आरपार पाहिले. मग पुन्हा एकदा फुंकले.

शिक्षकांना एक सुचवतो. गोव्याला सहल नेलीत तर दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे. अंगणात सी हॉक उभे आहे, अलिझेही आहे. मुले पळत जातील ती तोफांकडे. त्यांना थोडा वेळ पाहू द्या. मग त्यांना शेपटीकडे न्या आणि खाली बसवून हुक दाखवा. पंख दुमडतो तो सांधा दाखवा. आणि विमानाच्या अंगावरची छोटी छोटी झाकणे त्यांना मोजायला सांगा. त्या प्रत्येक झाकणाच्या आत हात घालणारा कुणीतरी होता.